मल्हारीभाऊंची रविवारची भोवळ

चिकलठाण्यात माझ्याइतका हुशार गुप्तहेर दुसरा नाही. मुळात दुसरा गुप्तहेरच नाही, पण त्यात माझा काय दोष? माझं नाव बद्रीनाथ. एका कारखान्याच्या गेटवर मी तीस वर्षं सुटणाऱ्या कामगारांचे डबे तपासले. नुसतं झाकण वाजवून आत मेथीची भाजी आहे की तांब्याची तार, ते मी सांगायचो. नियम एकच होता. देवाचा डबा उघडायचा नाही. कुणी म्हणालं, "साहेब, प्रसाद आहे," की मी हात जोडायचो आणि तो जायचा.

रत्नमाला, म्हणजे माझी बायको, होती तोवर मला हा धंदा सुचला नव्हता. घरात काही हरवलं की मी तासभर शोधायचो आणि ती स्वयंपाकघरातूनच सांगायची, "तुमच्या खिशात बघा." सकाळच्या प्रेशरच्या गोळीची आठवणही तीच करायची. तिला जाऊन दहा महिने झाले. आता चष्मा शोधण्यातच माझी सकाळ जाते. म्हटलं, शोधतच बसायचं आहे, तर थोडं लोकांचंही शोधू.

पहिली केस भिंतीपलीकडून आली. शेजारचे मल्हारीभाऊ मूळचे गंगापूरकडचे. बापाची दोनशे मेंढरं होती. हे मात्र तरुणपणीच कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. वय बासष्ट. मागच्या वर्षी हृदयाचं दुखणं झालं, तेव्हापासून रोज सकाळी नऊला गोळी. तर हे मल्हारीभाऊ तीन रविवार ओळीनं चक्कर येऊन पडले. तिसऱ्या रविवारी पाण्याच्या हौदाच्या काठावर डोकं आपटलं, चार टाके पडले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही.

"भावजी," मंजुळाबाई, म्हणजे मल्हारीभाऊंच्या मंडळी, भिंतीवरून म्हणाल्या, "चौथ्या बारीला हा माणूस उठतो का नाय, मला लई भ्या वाटतंय."

"वहिनी, आता केस माझ्याकडं आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर जास्तीच वाटतंय," त्या म्हणाल्या.

मी वही घेऊन तपासाला लागलो. पहिला संशय मटणावर. रविवार म्हणजे मटण. तीन रविवार, तीन मटणं, तीन भोवळी. मी खाटकाला गाठून उलटतपासणी घेतली. तो म्हणाला, "चाचा, वो तो बारा बजे आते मटन लेने." मल्हारीभाऊ पडायचे साडेनऊला. म्हणजे ज्या मटणाने ते पडले, ते मटण तोवर दुकानातच लटकलेलं होतं. हा मुद्दा मी वहीतून खोडला.

दुसरा संशय कुलरवर. याच उन्हाळ्यात त्यांनी नवा कुलर घेतला होता. त्यातून काही वायू येत असावा म्हणून मी एक दुपार त्याच्यापुढं बसून काढली. मला भोवळ आली नाही. सर्दी झाली.

तिसरा संशय मी वहीत बारीक अक्षरात लिहिला. घर बघताना मला दिसलं की मंजुळाबाईंनी आपली खाट आतल्या खोलीतून ओसरीवर हलवली आहे. चाळीस वर्षांनी बाई खाट वेगळी करते, आणि त्याच महिन्यात नवरा पडायला लागतो. मी मल्हारीभाऊंना बाजूला घेतलं.

"भाऊ, वहिनींनी खाट का हलवली?"

त्यांचा चेहरा उतरला. "तिला इचारायची हिंमत नाय झाली, बद्रीभाऊ. माणूस म्हातारा झाला की कशापायी जवळ ऱ्हाईल बायको?"

माझ्या वहीत नाव पक्कं झालं: मंजुळाबाई. त्या चहासाठी दूध तापवत असतानाच मी त्यांच्या स्वयंपाकघराची झडती घेतली. चौदा डबे. सगळे वाजवले, सगळे हुंगले. हळद, तिखट, शेंगदाण्याचा कूट. विष कुठंच नाही. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकामागं एक पितळी डबा होता. मी हात जोडले आणि पुढं गेलो.

चौथ्या रविवारी मी सहापासून त्यांच्या अंगणात दबा धरून बसलो. म्हणजे खुर्ची टाकून बसलो. मंजुळाबाईंनी चहाही दिला. संशयितानं दिलेला चहा पिणं धोक्याचं असतं, पण त्यात आलं होतं. माझ्या वहीतली त्या दिवशीची नोंद जशीच्या तशी देतो: "सहा वाजून दहा मिनिटं. मल्हारीभाऊ आंघोळ करून देवापुढं. डब्यातून चमचाभर प्रसाद दुधात घालून, पूर्वेकडं तोंड करून पितात. संशयास्पद काही नाही."

साडेआठला आतून मंजुळाबाईंचा आवाज आला. गोळ्यांचं पाकीट रिकामं होतं. मग आम्ही तिघंही कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेलो. तिथं अपेक्षा नावाची मुलगी बसते. औषधांचं शिकलेली आहे. मल्हारीभाऊंनी नवं पाकीट फोडलं, गोळी तळहातावर घेतली आणि पाणी मागितलं. वेळ घालवायचा नाही म्हणून मी तिला माझी ओळख करून दिली. सांगितलं की हे गृहस्थ फक्त रविवारी पडतात आणि गुन्हेगार इथून दोन हातांवर उभा आहे.

"व्हय का?" मंजुळाबाई म्हणाल्या. "कोण हो?"

अपेक्षानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "काका, गोळी खाली ठेवा. रविवारी वेगळं काही घेता का? चूर्ण, काढा, झाडपाला?"

मल्हारीभाऊ काउंटरवरची जाहिरात वाचायला लागले. मला आरोपीची टाळाटाळ माहीत होती. बळीची पहिल्यांदाच बघत होतो.

"घेत्यात की," मंजुळाबाई म्हणाल्या. "देवामागच्या डब्यात हाये. आज सकाळीच घेतलंय. दुधातून, उपाशीपोटी."

"तुला कसं कळलं?" मल्हारीभाऊ ओरडले.

"दूध कोण तापवतं? देवाचं म्हणून इचारलं नाय."

मल्हारीभाऊंनी कपाळावर हात मारला. "गेला! गुण गेला सगळा! लासूर स्टेशनच्या बाजारात जडीबुटीच्या तंबूवाल्यानं बजावलं व्हतं, देवाच्या वारी, रविवारीच घ्यायचं आन् कुणी टोकलं की औषध लागू पडत नाय. म्हणून तर डॉक्टरलाबी बोललो नव्हतो."

"कसलं औषध आहे, काका?"

मल्हारीभाऊंनी माझ्याकडं बघितलं, मग छताकडं. "अश्वगंधा. ताकदीची."

"कसली ताकद?" मी वही उघडली.

"भावजी, वही मिटा," मंजुळाबाई म्हणाल्या.

अपेक्षा हसली नाही. ही मुलगी पुढं जाईल. ती म्हणाली, "काका, अशा पुड्यांत बऱ्याचदा नुसता झाडपाला नसतो. त्याच कामाची इंग्रजी गोळी कुटून घातलेली असते, आणि पुडीवर ते लिहिलेलं नसतं. ती आणि तुमची ही हृदयाची गोळी पोटात एकत्र आली की प्रेशर एकदम खाली जातं. माणूस पडतो. कधी कधी उठत नाही."

मल्हारीभाऊंनी तळहातावरच्या गोळीकडं बघितलं आणि ती विंचू ठेवावा तशी काउंटरवर ठेवली.

"खरी अश्वगंधा असती तर?" मी विचारलं. गुप्तहेरानं एक तरी प्रश्न विचारावा म्हणून.

"तरी डॉक्टरला सांगायचं. साखरेच्या, थायरॉइडच्या, झोपेच्या गोळ्यांशी तिचंही जमतंच असं नाही. आता तो डबा घ्या आणि आधी डॉक्टरकडं जा. मी फोन करते. ही गोळी घ्यायची का आणि कधी, ते तेच सांगतील. आणि काका, त्या दुसऱ्या अडचणीचंही बोला. रोज कुणी ना कुणी बोलतं त्यांच्याशी. कधी कधी चालू औषधामुळंही तसं होतं."

रिक्षात मल्हारीभाऊ मान खाली घालून बसले होते. डबा मांडीवर. मंजुळाबाईंनी मला पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं, पण कान मागंच होते.

"कशापायी घेतलं हे?"

"तू खाट भाईर नेलीस."

"अवं, त्या कुलरचं वारं गुडघ्याला लागतंय! रातभर ठणकतो."

"मंग सांगायचं नाय व्हय?"

"तुमी इचारलं व्हय?"

मल्हारीभाऊंनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग मंजुळाबाई म्हणाल्या, "मेल्या तंबूवाल्याला घाला माती. मला बसून चहा प्यायला माणूस पायजे." आरशात बघितलं तर डबा आता त्यांच्या मांडीवर होता.

डॉक्टरांनी मल्हारीभाऊंना दिवसभर ठेवून घेतलं. डबा ठेवून घेतला, तो कायमचा. पाचवा रविवार आला. भाऊ पडले नाहीत. बारा वाजता मटण आणलं. कुलरचं तोंड भिंतीकडं फिरलं आणि खाट आत गेली. केस सुटली. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत देवाच्या डब्यांतून काय काय गेटबाहेर गेलं असेल, त्याचा हिशेब मी करायला घेतला होता. मग सोडून दिला.

सोमवारी सकाळी मी अंथरुणातच होतो. भिंतीपलीकडून आवाज आला.

"भावजी, प्रेशरची गोळी घेतली का?"

"घेतली, वहिनी."

"खोटं. आजून तुमच्या माठावरचं झाकण वाजलं नाय."

मी उठलो. माठापाशी गेलो, झाकण काढलं आणि त्यांना ऐकू जाईल असं जोरात वाजवलं.

"आता गोळीबी घ्या," त्या म्हणाल्या.

घेतली.