सतरा बाळांची गोधडी

एका जंगलात, नदीच्या अलीकडं, एक म्हातारी बाभूळ होती. कोणतं जंगल ते विचारू नका. मागच्या वेळी एकानं विचारलं आणि गोष्ट राहिली बाजूला, नुसता भूगोल झाला. नीट बसा बघू. चुळबुळ करणाऱ्याला तात्पर्य मिळणार नाही.

त्या बाभळीच्या ढोलीत एक खारजोडपं राहत होतं. नवऱ्याचं नाव टुण्या, बायकोचं नाव झुबकी. बाभळीला डिंक येणं केव्हाच बंद झालं होतं. म्हणून तर तिथली ढोली त्यांना परवडली.

आता डिंकाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. तर त्या जंगलात सगळी खरेदी डिंकानं व्हायची. आणि बाळंतिणीचे लाडूही डिंकाचेच व्हायचे. एकच जिन्नस, खायचाही आणि खर्चायचाही. त्यावरून घरोघरी वाद व्हायचे.

टुण्या वडाखालच्या कोठारात शेंगा मोजायच्या कामावर होता. पगार शेंगांतच मिळायचा, तोही फोलपटांसकट तोलून. तरी दोघांचं बरं चाललं होतं.

मग झुबकीला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, अशी तिथली रीत. पण झुबकीचं माहेर नदीपलीकडं, आणि यंदा नदी दुथडी भरून वाहत होती. तिच्या आईनं बगळ्याबरोबर निरोप धाडला, "पाणी उतरलं की मी येतेच. तोवर हे ठेव." बगळ्यानं चोचीतून दोन वस्तू आणल्या. एक डिंकाचं मडकं आणि एक गोधडी.

"डिंक लाडवांचा आहे," बगळा म्हणाला. "त्याला कुणी हात लावायचा नाही, असं तीनदा सांगायला सांगितलंय. हे एकदा झालं. अजून दोनदा सांगू?"

"नको, समजलं," टुण्या म्हणाला. न समजलेले लोक नेहमी असंच म्हणतात.

गोधडी आईच्या जुन्या लुगड्याची होती. मधोमध लाल खणाचं ठिगळ. एक कोपरा तिरका, कारण आईला सरळ टाका जन्मात जमला नाही. झुबकी आणि तिची तिन्ही भावंडं त्याच गोधडीत वाढली होती. झुबकीनं ती नाकाला लावली आणि बराच वेळ बाजूला केली नाही.

त्या जंगलात आणखी एक रीत होती. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं, दुसऱ्या धडधाकट बाळानं वापरलेलं, असंच पाहिजे. त्यामुळं बातमी कळताच शेजारपाजारच्या बायका जुनेर घेऊन आल्या. घोरपडमावशीनं हळदीचे डाग पडलेली दुपटी दिली. सशीणवहिनीनं लंगोटांचा हा एवढा ढीग आणला.

"वहिनी, तुम्हाला लागतील ना?" झुबकीनं विचारलं.

"माझ्याकडे अजून आहेत," सशीण म्हणाली. "माझ्याकडे कायमच असतात गं बाई." आणि ती घाईनं घरी गेली.

आता सांगा, तयारी झाली की नाही? कापडचोपड फुकट आलं, लाडवांना डिंक होता, बाळाला अजून अवकाश होता. गोष्ट इथंच संपायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात लांडोरीचं डोहाळजेवण आलं.

लांडोर समोरच्या पिंपळावर राहायची. तिच्या घरी सगळं नवंकोरं. भिंतीला ढगांची चित्रं. आपोआप हलणारा पाळणा. लांडोरीला अंडी व्हायची होती. अंड्यांना पाळणा कशाला, असं कुणीही विचारलं नाही. अशा वेळी विचारत नसतात.

"हे सगळं कोल्हेसाहेबांच्या 'बाळसोहळा' दुकानातलं," लांडोर म्हणाली. "तुझी काय तयारी गं, झुबकी?"

"दुपटी आलीत. आईची गोधडी आहे."

"म्हणजे वापरलेली?" लांडोरीनं मान एवढी लांब केली. "कुणाकुणाची?"

झुबकी हसून म्हणाली, "सगळ्यांची," आणि पुढ्यातले मुरडकानवले खायला लागली. तिला काहीच वाटलं नाही. वाटलं ते शेजारी बसलेल्या टुण्याला. तो घरी येईपर्यंत मनात तेच घोळवत राहिला. आपल्या बाळानं दुसऱ्यांच्या चिंध्यांत यावं? आपण एवढे का गेलेलो आहोत? असे विचार ज्याच्या डोक्यात येतात, त्याच्या दारात बोहारीण बरोबर येऊन उभी राहते.

बोहारीण म्हणजे साळुंकी. जुने कपडे घेऊन भांडी द्यायचा तिचा धंदा. दुपारी झुबकीचा डोळा लागला होता आणि फांदीवरून हाक आली, "कपडेऽऽ, भांडीऽऽय!" घरात बाई झोपलेली आणि पुरुष जागा असला, की साळुंकीला सौदा फार गोड लागायचा.

टुण्यानं सगळं गाठोडं बाहेर आणलं.

"हे काय दादा?" साळुंकीनं चोचीच्या टोकानं एक दुपटं उचललं. "पार विरलंय. उजेड दिसतोय आरपार. याचं मी काय करू?"

"सगळं मिळून काय द्याल?"

"पातेलं तर नाहीच नाही. तुमच्याकडे बघून एक वाटी देते. ती गोधडीही टाका त्यात. तिचा तर कोपराच वाकडा आहे."

टुण्यानं गोधडीही टाकली. उलट त्याला वाटलं, आपण साळुंकीला चांगलंच फसवलं.

झुबकी उठली तेव्हा त्यानं चकचकीत वाटी तिच्यापुढं धरली. "बघ! बाळाला भरवायला. नवी आहे."

"छान आहे. कुठून आणलीत?"

टुण्यानं सांगितलं.

"अहो, आईची गोधडीसुद्धा?"

"ती तर सगळ्यात जुनी होती," टुण्या म्हणाला.

झुबकी रागावली नाही. ती भिंतीकडं तोंड करून निजली. रागावली असती तर बरं झालं असतं, हे टुण्याला त्या दिवशी कळलं. मोठे झालात की तुम्हालाही कळेल.

आता घरात वाटीखेरीज काही नव्हतं. झुबकीचे दिवस भरत आलेले. शेजाऱ्यांकडे पुन्हा मागायची टुण्याला लाज वाटली, म्हणून शेवटी दोघं कोल्ह्याच्या दुकानात गेली. मडकं बरोबर घेतलं, नुसतं जवळ असावं म्हणून.

"या या, वहिनी!" कोल्हा लवून म्हणाला. "काय दाखवू?"

"बाळ यायच्या आधी विकतच्या वस्तू घरी आणू नयेत म्हणतात," झुबकी म्हणाली. "आम्ही नुसतं बघतो."

"अजिबात आणू नका! आमचा माणूस पोचवून जाईल. म्हणजे तुम्ही आणलं असं होणारच नाही."

टुण्यानं एक नवं दुपटं उचललं. किंमत दोन खडे डिंक. एवढं परवडत होतं. त्यानं मोठ्या आनंदानं झुबकीकडं पाहिलं. पण झुबकी मान हलवून म्हणाली, "नवं नाही चालायचं. बारशापर्यंत जुनंच लागतं. रीत आहे."

कोल्ह्याचे डोळे लुकलुकले. "जुनं? अहो, आधी नाही का सांगायचं! जुन्याचा आपला खास विभाग आहे."

आतल्या दालनात दिवे मंद होते आणि एक पाटी होती: 'जितकं जुनं, तितकं मोलाचं.' खाली मांडणीवर हळदीचे डाग पडलेली दुपटी घड्या करून ठेवलेली. एका दुपट्याची किंमत दहा खडे.

"बाहेर नवं दोन खड्यांना आहे!" टुण्या ओरडला.

"नवं काय, कुणीही करतं हो," कोल्हा म्हणाला. "जुनं व्हायला वेळ लागतो. वेळेचं मोल आहे हे."

टुण्याला हे पटलं. तो शेंगा मोजायच्या कामावर होता, हे मी सांगितलंच आहे.

तेवढ्यात झुबकी एका काचेच्या कपाटापुढं थबकली. आत एकच वस्तू होती. लाल ठिगळाची, तिरक्या कोपऱ्याची.

"ही दुकानातली सगळ्यात मौल्यवान," कोल्हा हळू आवाजात म्हणाला. "सतरा बाळांची गोधडी. सतराच्या सतरा गुटगुटीत निघाली."

"चार," झुबकी म्हणाली. "आम्ही चार भावंडं. ही माझ्या आईची गोधडी आहे."

"असेल की! म्हणून तर महाग."

"मग आम्हाला तरी थोडी कमी करा."

"वहिनी, तुमच्या आईंच्या गोधडीचं मोल मी कमी करू? माझ्या जिभेला हाड नाही का? तो त्यांचा अपमान होईल. एक मडकं डिंक."

झुबकीनं टुण्याकडं पाहिलं. टुण्यानं मडक्याकडं पाहिलं. रात्री गारठा पडायला लागला होता. बाळ आज येईल की उद्या, सांगता येत नव्हतं. आणि झुबकीची नजर कपाटावरून हलत नव्हती. टुण्यानं मडकं पुढं सरकवलं.

पाटीवर आणखी एक ओळ होती, बारीक अक्षरांत. मडकं परत मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी झुबकी बाळंत झाली. एक बाळ आलं. मग आणखी एक आलं. टुण्या नाचायला लागला तेवढ्यात तिसरं आलं, तेव्हा तो खाली बसला. तिन्ही पिल्लं एकाच गोधडीत, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपी गेली. पाळणा कुणी मागितला नाही. ढगांची चित्रं कुणी मागितली नाहीत, कारण तिघांचेही डोळे अजून मिटलेलेच होते.

पण तीन तोंडं दूध पीत होती आणि झुबकीला खायला फोलपटांसकट शेंगा होत्या. ती दिवसेंदिवस वाळत चालली. शेपटीचा झुबका गेला, नुसती दोरी उरली. डिंकाचं नाव ती काढत नसे. टुण्या तिला त्या नव्या वाटीत पाणी द्यायचा आणि ती गुमान प्यायची. एकदा तो ढोलीबाहेर जाऊन रडला. खरंच रडला. यात हसण्यासारखं काही नाही.

नदीचं पाणी उतरलं. झुबकीची आई ओंडक्यावर बसून पलीकडून आली. आधी तिनं तिन्ही पिल्लांचा वास घेतला. मग लेकीच्या शेपटीवरून हात फिरवला आणि जावयाकडं वळली.

"जावईबापू, लाडू दिसत नाहीत ते?"

"डिंक संपला, आई."

"खाऊन?"

"गोधडी घेतली."

"कुणाची?"

"तुमचीच."

आईनं गोधडीचा तिरका कोपरा चाचपून पाहिला. मग तिनं पहिल्यापासून सगळं वदवून घेतलं. "आणि साळुंकीनं बदल्यात काय दिलं?"

टुण्यानं वाटी पुढं केली. आईनं ती उजेडाकडं धरली.

"ही गळतेय, जावईबापू."

मग तिनं अंगावरचं लुगडं सोडलं, त्यात नातवंडं गुंडाळली, गोधडी काखेत मारली आणि म्हणाली, "चला, दुकान दाखवा."

दुकानात गर्दी होती. लांडोरही आली होती. आईनं सगळ्यांदेखत गोधडी पसरली.

"ही तुमच्याकडची का?"

"आमचीच!" कोल्हा गर्दीकडं बघत म्हणाला. "अस्सल जुनी. सतरा बाळांची."

"आता वीस बाळांची झाली," आई म्हणाली. "माझ्या लेकीला तिळं झालंय. तिघंही टणटणीत. हवं तर वास घ्या, ताजा आहे." तिनं पाटीकडं बोट केलं. "जितकं जुनं तितकं मोलाचं ना? मग आज ही त्या दिवसापेक्षा जुनी आहे. बोला, काय देता?"

कोल्ह्यानं गोधडीचा वास घेतला. वास खरा होता. त्यानं गर्दीकडं पाहिलं. गर्दी त्याच्याकडं बघत होती. नाही म्हणावं, तर मांडणीवरचा सगळा मौल्यवान माल तिथल्या तिथं नुसता जुना झाला असता.

"दीड मडकं," तो दात दाखवत म्हणाला.

"आणि आमचं मडकं," आई म्हणाली.

डिंक घेऊन दोघं निघाली. वाटेत टुण्याचा पाय अडखळला. "पण आई, आपली गोधडी?"

"गोधडी शिवली की होते, बापू. लेक शिवता येत नाही."

त्या संध्याकाळी ढोलीत लाडू वळले गेले. पहिला झुबकीनं खाल्ला, दुसराही तिनंच खाल्ला. आईनं लुगड्याची नवी गोधडी शिवायला घेतली आणि टुण्यानं दोरा ओवून दिला. या खेपेला चारही कोपरे तिरके आले. झुबकी हसली, बऱ्याच दिवसांनी. लंगोटांसाठी टुण्या स्वतः सशिणीकडं गेला आणि तिच्याकडे अजून होतेच.

कोल्ह्याचं काय झालं? कोल्ह्यांचं कधी काही होत नसतं. वीस बाळांची गोधडी त्यानं त्याच दिवशी लांडोरीला दोन मडक्यांना विकली. तिनं ती चौकटीत बसवून भिंतीवर टांगली. तिची पिल्लं थंडीत कुडकुडत भिंतीकडं बघतात आणि म्हणतात, "आपली गोधडी किती छान आहे!"

तात्पर्य : अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं मोठी माणसं सांगतात. पण अंथरूणच बोहारणीकडून कोल्ह्याच्या कपाटात गेलं, तर त्याचं मोल वसूल करायला सासूच लागते; म्हणून आधी तिच्याशी गोडीनं वागावं.