बंबाची वाटणी

त्या थंडीत आमच्या बंबाने पाणी तापवणं चालू ठेवलं आणि शेक देणं बंद केलं.

पाण्याबद्दल तक्रार नव्हती. तोटीतून वाफाळतं पाणी येत होतं. आत जाळ नीट लागत होता. पण बंबाच्या अंगाला हात लावला तर तांबं विहिरीच्या पायरीसारखं गार. जाळापुढं तळवे धरले तरी तेच. लाकूड तडतडायचं, ठिणग्या उडायच्या, आणि हात जसेच्या तसे.

माझी बायको सोनाबाई रोज सकाळी बंबाशेजारी पाटावर बसते. आमचं गाव घाटमाथ्यावर आहे आणि तिच्या बोटांत संधिवात आहे. उठते तेव्हा मुठी वळलेल्या असतात. बंबाच्या शेकानं एकेक बोट उघडतं. मग ती आपली वेणी आपण घालते आणि तिथून तिचा दिवस सुरू होतो. शेक गेल्यावर वेणी मी घालू लागलो. माझ्या हातची वेणी वाकडी होते. दारापर्यंत जायचं तरी ती डोक्यावरून पदर घेऊ लागली. पुढं दारापर्यंतही जाईना.

हात गरम पाण्यात बुडवून बघितले. पाण्यातून काढले की पुन्हा वळायचे. तिला कोरडाच शेक लागतो. शेगडी पेटवली तर धुरानं खोकला येऊन ती अर्धी झाली.

मला जमेल तेवढं मी केलं. राख काढली. नळीतली काजळी खरवडली. चिंच-मीठ लावून तांबं घासलं. बाभळीऐवजी आंब्याचं लाकूड घातलं. बंब फिरवून त्याचं तोंड उगवतीकडं केलं. पाणी आधीपेक्षा लवकर तापू लागलं. शेक आला नाही.

मग कल्हईवाल्या उस्मानभाईंना बोलावलं. बंब गळला की झाळून तेच देतात. ते उकिडवे बसले आणि बराच वेळ बंबाला कान लावून राहिले.

“पाणी कसं येतंय?”

“झकास.”

“मग पाण्याच्या बाजूला हात लावत न्हाई. शेक तयार होतोय, नाना. हितं थांबत न्हाई, एवढंच.”

“जातो कुठं?”

“ते चालून बघायला लागंल.”

तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात पुढं धरून ते चालले. न्हाणीच्या फरशीवरून मधल्या भिंतीपाशी आले आणि थांबले. भिंतीपलीकडं माझा धाकटा भाऊ केरबा राहतो. वाटणी झाल्यापासून आम्ही दोघं भाऊ पावसापाण्याचं तेवढं बोलतो. आमच्या बायका तेही बोलत नाहीत. भिंतीला दार नाही, म्हणून आम्ही गल्लीतून वळसा घालून गेलो.

केरबाची बायको हौसा त्या भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसली होती. वरच्या खुंट्यांवर नातवाची दुपटी वाळत होती. जवळ कुठंही विस्तव नव्हता. उस्मानभाईंनी भिंतीला हात लावला आणि तिथंच ठेवला.

“हा तुमचा शेक,” ते मला म्हणाले.

केरबा घोंगडी सावरत बाहेर आला. “आमाला वाटलं, ऊन आसंल.”

“दिवस उगवायच्या आधी?” मी विचारलं.

“आमच्या बाजूला लवकर येतं आसं वाटलं, दादा.”

“आणि हौसाला काय वाटलं?” मी विचारलं.

“मला वाटलं, देवाला दया आली,” हौसा म्हणाली. “तुमाला येणार न्हाई ह्याची खात्री हुती.”

प्रश्न वाटणीचा दिसत होता, म्हणून धोंडीतात्यांना आणलं. आमची वाटणी ज्या पंचांनी केली, त्यांतले तेवढेच आता हयात आहेत. त्यांनी एक हात आमच्या बंबाला लावून बघितला, मग वळसा घालून येऊन केरबाच्या भिंतीला लावला. चहा घेतला. मग त्यांना आठवलं.

“भांडी अंगणात मांडली हुती. घागरी, पराती, समदं वाटलं. बंब तेवढा पेटलेला हुता. आमा पंचांच्याच आंघोळीचं पाणी हुतं त्यात. पेटलेली वस्तू वाटणीत धरत न्हाईत. निवला की बघू, म्हटलं.”

“मग?”

“मग आंघोळी झाल्या, जेवणं झाली, आन आमी गेलो.”

“म्हणजे राहिलंच,” उस्मानभाई म्हणाले.

“ऱ्हायलं. आता बंबानं आपली आपण करून घेतली. पाणी थोरल्याला, शेक धाकट्याला. वाटणी म्हणून वावगी न्हाई.”

केरबा खाली बघत होता. “मी मागितला न्हवता. परत कसा द्यायचा ते सांगा, देतो.”

तात्यांनी तांब्या मागवला. हक्क सोडायचा तर पाणी सोडायचं, ही रीत आहे. केरबानं ओंजळीत पाणी घेतलं, तुळशीचं पान ठेवलं, आणि शेकावर आपला हक्क नाही, तो थोरल्या भावाचा, असं सगळ्यांसमोर म्हणून ओंजळ भिंतीवर सोडली. भिंत चरचरली. पाणी जागच्या जागी वाळलं. तुळशीचं पान सुकून खाली पडलं.

“बंबाला मान्य न्हाई,” तात्या म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

मी घरी येऊन सोनाबाईला सगळं सांगितलं. तिनं मुठी पदराखाली घेतल्या. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाली. “काय न्हाई, आता ऊन लागंलच पुढच्या महिन्यात.”

तेवढ्यात भिंतीपलीकडून हौसाचा आवाज आला.

“आक्का, भिंत लांबलचक हाय. मी एकटी किती टेकणार?”

सोनाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी जाळात लाकूड सारलं.

“बोलावल्याबिगर मी कुणाच्या दारात जात न्हाई,” ती भिंतीला म्हणाली.

“मग आता काय गाणं म्हणतीया व्हय मी?” हौसा म्हणाली. “आन येताना बादलीभर पाणी आणा. हितं शेक हाय, पर आंघोळ गार पाण्याची.”

बादली मी नेली. सोनाबाई माझ्यामागून हळूहळू आली. हौसानं पोतं झटकून टाकलं आणि थोडं बाजूला सरकली. दोघी भिंतीला पाठ लावून बसल्या. मग हौसानं तिचा एक हात धरला आणि भिंतीला टेकवला, पोळपाटावर लाटी टेकवावी तसा.

तेव्हापासून हे रोजचं झालं. मी बंब पेटवला नाही तर पलीकडं शेक येत नाही, म्हणून मी लवकर उठतो. दोघी पलीकडं बसल्या की मी इकडं जाळापुढं घोंगडी गुंडाळून बसतो. परवा उस्मानभाई डोकावले.

“नाना, आगीम्होरं बसून कुडकुडताय.”

“व्हय.”

ते थोडा वेळ माझ्याशेजारी बसले. त्यांनाही थंडी वाजली, म्हणून गेले.

आजचं पाणी केव्हाच तापलं. बादली भरून पोचती झाली. आता जाळ विझू दिला तरी चालण्यासारखं होतं. पण पलीकडं सोनाबाई कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होती, ती अजून हळदीपर्यंतच आली होती. हौसा मधेमधे हसत होती. मी हातावर फुंकर घातली आणि अजून एक ओंडका आत सारला.