उरलेलं सिलिकॉन

जेवणाच्या टेबलावरचं वर्तमानपत्र ओलं लागलं, तेव्हा नानांना कळलं की शेजारी ठेवलेला व्याह्यांचा फिशटँक गळतोय. तो बुधवार होता. व्याही प्रवासाला जाताना दोन फुटांचा टँक आणि सात मासे नानांच्या स्वाधीन करून गेले होते. "रविवारी न्यायला येतो. जपा हं. लग्नात काचेचा जग तुमच्याच हातून फुटला होता." लग्नाला अकरा वर्षं झाली, नातवंडं शाळेत जाऊ लागली, पण तो जग काही व्याह्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

"रविवारी टँक ठणठणीत हातात ठेवतो की नाही बघ," नाना माईंना म्हणाले. मासे मोठ्या पातेल्यात गेले आणि नाना-माई हार्डवेअरच्या दुकानात.

दुकानदारानं एक नळी पुढे केली. "बाथरूमचं सिलिकॉन. एक नंबर. बुरशी जवळ फिरकत नाही."

"द्या," नाना म्हणाले.

"थांबा हो." माईंनी चष्मा चढवला. "का फिरकत नाही?"

"औषध असतं ना त्यात, आजी."

"आणि ते पाण्यात उतरलं की मासे काय फुगड्या घालणार?"

दुकानदारानं आतून दुसरी नळी आणली. "मग ही. निव्वळ सिलिकॉन, औषध-बिवषध नाही. फिशटँकसाठी चालेल असं वर लिहिलंय, वाचा. आंबूस वास येईल, तो सुकल्यावर जातो. पण आधीचं सगळं खरवडा. नवं जुन्याला धरत नाही."

"घरोघरी तेच," माई म्हणाल्या.

"आणि तीन दिवस पाण्याचं नाव काढायचं नाही. उरलेल्या नळीचा मात्र दगड होतो हं."

नानांनी ब्लेडनं जुनं सिलिकॉन खरवडलं, काच कोरडी केली, आतल्या सांध्यांवरून नव्या सिलिकॉनची पट्टी ओढली आणि बोटानं दाबली. काम असं देखणं, की माईंनाही खोट काढता येईना. पण नळी अर्धी उरली होती. या घरात टूथपेस्टसुद्धा लाटणं फिरवून संपवत.

"दगड होऊ द्यायचा म्हणजे काय? बाहेरूनही एक हात फिरवतो. दुहेरी बंदोबस्त!" नानांनी तळाच्या कडेनं, चारही बाजूंनी जाड पट्टी ओढली आणि नळी रिकामी करूनच उठले.

तीन दिवस दोघं मांडीवर ताट घेऊन जेवली. शनिवारी पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत टेबल कोरडंच. मासे घरी परतले.

रविवारी व्याही आले. त्यांनी वाकून कोपरे पाहिले, बोट फिरवलं, वासही घेतला.

"मानलं, नाना! तो जग आजपासून विसरलो."

नानांची छाती दोन इंच फुगली. पाणी आणि मासे बादल्यांत काढले. दोघांनी दोन्हीकडून टँक उचलला. टेबलही उठलं.

"टेबल सोडा की," व्याही म्हणाले.

"मी धरलेलंच नाही."

टँक खाली ठेवून दोघं वाकले. जाड पट्टीनं काच आणि टेबल जुळ्या भावंडांसारखी घट्ट धरून ठेवली होती.

"तार घालून कापूया," माई म्हणाल्या.

"खबरदार!" नाना गरजले. "हिसका बसला आणि सांधा हलला तर?"

व्याह्यांनी क्षणभर विचार केला. "खरं आहे. असं काम पुन्हा होणे नाही. राहू दे इथंच. मी येत जाईन बघायला."

आता ते रोज दहाला येतात. मासे नानांच्या खुर्चीतून चांगले दिसतात, म्हणून तिथंच बसतात आणि जेवूनच उठतात. नाना अजून मांडीवर ताट घेऊन जेवतात. परवा व्याही येताना उशी घेऊन आले.

त्याच दुपारी माईंना विहीणबाईंचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"टँक पक्का बसलाय ना हो? कापायचं मनातसुद्धा आणू नका. हे निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच दुपारी डोळा लागतोय माझा."