टँकरची तक्रार

नीला खोपकर दुधाची पिशवी घेऊन घरी परतत होत्या आणि गल्लीच्या मधोमध टँकरने त्यांच्या दोन्ही खांद्यांवर पंजे ठेवले.

टँकर म्हणजे पाण्याचा नव्हे. समोरच्या बैठ्या बंगल्यातल्या फिलिप मिस्किटांच्या कुत्र्याचं नाव टँकर होतं. जातीने ग्रेट डेन, रंगाने ओल्या सिमेंटसारखा आणि मागच्या पायांवर उभा राहिला की नीलाताईंपेक्षा वीतभर उंच. त्याने नीलाताईंचा चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत एकदाच, पण नीट चाटला, दुधाची पिशवी हातातून काढून घेतली आणि आपल्या वाटेने निघून गेला. मागे एक रिक्षा उभी होती म्हणून नीलाताई तिच्यावर टेकल्या, नाहीतर थेट रस्त्यावर बसल्या असत्या. त्यांचा उजवा गुडघा दोनच महिन्यांपूर्वी बदललेला होता.

फिलिप फाटकात उभा राहून हे सगळं बघत होता. "घाबरू नका वहिनी," तो म्हणाला. "काय करत नाय तो. लाड करतो."

"मी पडले असते तर?"

"पण पडला नाय ना?" फिलिप म्हणाला, आणि हा मुद्दा त्याच्या दृष्टीने तिथेच संपला.

दहिसरच्या त्या गल्लीत टँकर दिवसभर मोकळा फिरत असे. कोणी "टँकर आला!" असं ओरडलं की अर्धी गल्ली जिने चढून वर पळायची आणि नवीन भाडेकरू बादल्या घेऊन खाली यायचे. तो कोणाला चावला नव्हता. पण एवढा मोठा प्राणी प्रेमाने जरी अंगावर आला तरी माणसाची वाट लागायची, ती लागायचीच.

त्या दिवसापासून नीलाताईंनी सकाळचं चालणं बंद केलं. दहाव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट रेवतीने गुडघा वाकवून पाहिला आणि तिचा चेहरा पडला. "काकू, आखडतोय हा. महिनाभरात सुटला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल. तुम्ही चालताय ना रोज?"

घरी आल्यावर त्यांचे यजमान मुकुल म्हणाले, "अगं, गच्चीवर चाल ना. वरती वारा पण असतो."

"गच्चीवर? मी?" नीलाताईंनी काठी जमिनीवर आपटली. "पंचवीस वर्षं राहतेय या गल्लीत. मी गल्लीतच चालणार आणि तो कुत्रा पट्ट्यात राहणार. बघच तू."

मुकुल यांनी पेपर उघडला. बायकोने 'बघच तू' म्हटल्यावर बघण्यापलीकडे आपल्याला काही काम उरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

नीलाताई दुसऱ्याच दिवशी पोलीस चौकीत गेल्या. अर्जावर विषय स्वच्छ अक्षरात लिहिला होता : 'मोकाट टँकरमुळे रहिवाशांना होणारा त्रास'. हवालदारांनी तो वाचला आणि सहानुभूतीने मान हलवली.

"कुठे उभा असतो टँकर?"

"उभा कुठला? दिवसभर फिरत असतो. माणूस दिसला की अंगावर येतो."

"ड्रायव्हर पिऊन असतो का?"

"ड्रायव्हर नाहीच आहे. तेच तर सांगतेय. मोकळा सोडलाय."

हवालदारांचं पेन थांबलं. "ड्रायव्हर नाही आणि चालतो? उतारावर लावतात का?"

"अहो, कुत्रा आहे तो!"

"मॅडम, ड्रायव्हरला शिव्या देऊ नका. शांतपणे सांगा."

खुलासा व्हायला दहा मिनिटं लागली. मग हवालदारांनी विचारलं, "चावलाय कोणाला?"

"नाही. चाटतो."

"चाटतो." हवालदारांनी अर्ज परत केला. "असं करा, गल्लीत तुमचा रहिवासी संघ असेल ना? आधी तिकडे द्या. पण नुसतं तोंडी नको. पुरावा जोडा. कधी सुटतो, कुठे जातो, काय करतो. त्यांचा ठराव घेऊन या, मग मालकाला बोलावून समज देतो मी."

पुरावा हा शब्द ऐकल्यावर नीलाताईंच्या अंगात बळ आलं. एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. कागद नसेल तर माणूस मेलाय हेसुद्धा त्या मान्य करत नसत, असं ऑफिसात बोललं जाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काठी, मोबाइल आणि दोनशे पानी वही घेऊन त्या फिलिपच्या फाटकासमोर दबा धरून बसल्या. टँकर बाहेर पडला. त्या मागून निघाल्या. 'सात दहा, फाटकातून बाहेर. सात बारा, विजेचा खांब. सात पंधरा, शांताबाई मासेवाली हिच्या टोपलीत तोंड.' सात सतराला टँकर मेडिकलच्या कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला. नव्या गुडघ्याला तो वेग झेपला नाही.

पण नीलाताई रोज जात राहिल्या. तिसऱ्या दिवशी टँकरने वळणावर थांबून मागे पाहिलं. पाचव्या दिवशी तो वळणावर चक्क बसून राहिला आणि त्या पोचल्यावरच पुढे निघाला. नीलाताईंनी वहीत लिहिलं : 'सात सव्वीस, कारण नसताना थांबला.'

अडचण होती ती फोटोंची. कुत्रा हलायचा आणि फोटोत फक्त शेपूट यायचं. म्हणून त्या ओरडायला लागल्या, "टँकर, थांब! टँकर, इकडे बघ! अरे बस ना जरा, हलतंय सगळं!" आठवडाभरात टँकर 'थांब' म्हटलं की थांबायला आणि 'बस' म्हटलं की बसायला लागला. बसल्यावर फोटो छान यायचा आणि व्हिडिओही हलायचा नाही. तो शांताबाईंच्या टोपलीकडे वळला की त्याला बाजूला घ्यायला नीलाताई मेडिकलमधून बिस्किटांचा पुडा घेऊ लागल्या. हे अर्थातच फक्त पुराव्याच्या सोयीसाठी होतं.

"ओ मॅडम," एकदा शांताबाई ओरडल्या, "तुमच्या कुत्र्याला आवरा! दोन बांगडे नेले मेल्यानं!"

"माझा नाहीये तो."

"मग रोज सोबत कशाला फिरता?"

"मी त्याच्यावर लक्ष ठेवतेय."

"मग तेच सांगते ना मी. नीट ठेवा लक्ष!"

दोन आठवड्यांनी रेवतीने गुडघा वाकवला आणि तो सरळ मागे गेला. "काय सांगताय काकू! झकास! काय करताय नक्की?"

"तक्रार," नीलाताई म्हणाल्या.

एका सकाळी टँकर मध्येच घराकडे पळाला आणि त्याच्या मागोमाग नीलाताई फिलिपच्या अंगणात शिरल्या. फिलिपची बायको कॉन्सेप्टा दोरीवर कपडे घालत होती. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही लिहिता ते मला ठाऊक हाय. लिवा. पण त्यांना बोलू नका. टँकर आमच्या ग्लेनरॉयचा. पोरगा जहाजावर नोकरीला गेला आन् कुत्रा आमच्या गळ्यात. हे पहिल्याच दिवशी पट्टा धरून गेले, तर त्याने असा ओढला, हात खांद्यातून निसटला. तवापासून पट्ट्याला हात लावत नाय. आन् सांगत पण नाय कोणाला. बांधून ठेवला तर दिवसभर रडतो. म्हणून फाटक उघडं."

फिलिप फाटकात उभा राहून 'लाड करतो' म्हणत असे तेव्हा त्याचा डावा हात नेहमी उजव्या खांद्यावर असे, हे नीलाताईंना आत्ता जाणवलं.

"मग माणूस ठेवा ना कोणी फिरवायला."

"दोन ठेवले. एकाला त्याने नाल्यात नेला. दुसरा बघूनच गेला."

नीलाताईंना वाईट वाटलं. पण त्यांच्या विमा खात्यात वाईट वाटलं म्हणून क्लेमचा निकाल कधी बदलला नव्हता. अंगणातून बाहेर आल्यावर त्यांनी खांद्याबद्दल वहीत काही लिहिलं नाही, एवढीच काय ती सवलत दिली.

एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मातृछाया सोसायटीच्या हॉलमध्ये रहिवासी संघाची सभा भरली. सचिव चंद्रप्रकाश हे नियमांचे अत्यंत पक्के होते. त्यांनी आधी सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावले आणि मग नीलाताईंचा मोबाइल टीव्हीला जोडला. फिलिप पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून बसला होता. शेजारी कॉन्सेप्टा. नीलाताई उभ्या राहिल्या.

"एकूण त्रेचाळीस व्हिडिओ आहेत," त्या म्हणाल्या. "बघा आणि ठरवा."

पडद्यावर टँकर डौलात चालू लागला. पाठोपाठ नीलाताईंचा आवाज आला, "टँकर, थांब!" टँकर थांबला. "बस!" टँकर बसला. "शाब्बास! आता इकडे बघ. अरे, माझ्याकडे!" टँकरने कॅमेऱ्यात पाहिलं. पुढच्या व्हिडिओत नीलाताई म्हणत होत्या, "मासे नाही म्हटलं ना? हे घे बिस्कीट. चल आता, उशीर झालाय आपल्याला." असे आठ-दहा व्हिडिओ झाल्यावर सभेत कुजबुज सुरू झाली. चंद्रप्रकाशनी टीव्ही थांबवला.

"साक्षीदार?"

शांताबाईंना खास बोलावून आणलं होतं. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. "ह्याच मॅडम. रोज सकाळी कुत्रा घेऊन येतात. पट्टा नसतो. मी किती वेळा सांगितलं ह्यांना."

"बिस्किटं पण ह्याच घेतात," मेडिकलवाले मागून म्हणाले.

"अहो, मी पुरावा गोळा करत होते!" नीलाताई म्हणाल्या. "कुत्रा फिलिपचा आहे!"

चंद्रप्रकाश फिलिपकडे वळले. "तुम्ही या कुत्र्याला पट्ट्याशिवाय रस्त्यावर फिरवता का?"

फिलिप उठला. खोटं बोलण्याची गरज त्याला प्रथमच उरली नव्हती. "मी?" तो म्हणाला. "गेल्या सहा महिन्यांत मी त्याला एकदा पण रस्त्यावर घेऊन गेलेलो नाय. देवाशप्पथ."

"कोणी यांना कुत्र्यासोबत पाहिलंय?"

कोणीच पाहिलं नव्हतं. चंद्रप्रकाशनी चष्मा पुसला आणि ठराव लिहायला घेतला. मग तो त्यांनी वाचून दाखवला. 'सदर कुत्रा श्रीमती नीला खोपकर यांच्या देखरेखीखाली सार्वजनिक रस्त्यावर पट्ट्याशिवाय फिरत असल्याचे त्यांनी स्वतः सादर केलेल्या पुराव्यावरून सिद्ध झाले आहे. तरी त्यांना समज देण्यात येत असून, कुत्र्याची जबाबदारी त्यांची असल्याने तो यापुढे मोकाट सुटणार नाही, अशी लेखी हमी त्यांनी द्यावी.'

"अनुकूल?"

सगळे हात वर गेले. त्यात मुकुल यांचाही होता.

"तू पण?" नीलाताई म्हणाल्या.

"काय करू गं," मुकुल पुटपुटले. "पुरावा फारच पक्का होता."

नीलाताईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी चंद्रप्रकाशच्या हातातून ठराव ओढून घेतला. एकदा वाचला. रागाच्या भरात दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा मात्र त्या सावकाश, एकेका शब्दावर थांबत, ऑफिसात पॉलिसीची कलमं वाचत तशा वाचू लागल्या. 'कुत्र्याची जबाबदारी त्यांची.' 'मोकाट सुटणार नाही.' त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. फिलिप अजून डावा हात खांद्यावर ठेवून उभा होता.

"हमीपत्र आणा," त्या म्हणाल्या.

त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि कागद उंच धरला. "सगळ्यांसमोर सांगते. आजपासून टँकर राहायला मिस्किटांकडे आणि फाटकाबाहेर माझ्याकडे. फाटक बंद. पट्टा कुठाय फिलिप?"

"पण वहिनी, कुत्रा तर..." फिलिपने चंद्रप्रकाशकडे पाहिलं.

"तुम्ही आत्ताच शपथेवर सांगितलंत," चंद्रप्रकाश म्हणाले. "इतिवृत्तात आलंय."

कॉन्सेप्टाने पर्समधून पट्टा काढून नीलाताईंच्या हातात दिला. तो तिने सभेला का आणला होता, हे कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता नीलाताईंनी टँकरला पट्टा घातला. त्याने एकदाच हिसका दिला. "थांब," त्या म्हणाल्या. तो थांबला. मग दोघं त्याच नेहमीच्या रस्त्याने निघाली. शांताबाईंनी सवयीने टोपली झाकली आणि टँकर तिच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेला. गल्लीतले लोक बाल्कन्यांत येऊन बघत होते. फाटक लावून घेऊन फिलिप बराच वेळ गजांमधून बघत उभा होता.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी खोपकरांची बेल वाजली. दारात फिलिप होता. केस पाणी लावून बसवलेले, हातात घरी केलेल्या केकचा डबा.

"वहिनी, ग्लेनरॉय आलाय. पंधरा दिवस सुट्टी हाय त्याला." तो घुटमळला. "उद्या सकाळी टँकरला घेऊन जुहूला जायचं म्हणतो आम्ही. समुद्रावर. दोन तास फक्त. तुमची परवानगी असेल तर."

"पट्टा कोण धरणार?"

"ग्लेनरॉय."

"पाण्यात सोडणार नाही ना?"

"नाय नाय."

"भेळेच्या गाड्यांपासून लांब?"

"लांब वहिनी. एकदम लांब."

नीलाताई आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. त्यावर रेघा मारून रकाने पाडलेले होते. फिलिपने खिशातून पेन काढलं, कागद दाराला टेकवला आणि पहिल्याच रिकाम्या जागी सही करायला गेला.

"तिथे नको," नीलाताईंनी बोट ठेवलं. "ते मालकाचं आहे, तिथे मी करीन. तुम्ही इथे करा. 'तात्पुरते घेऊन जाणारे'."