घोडदळाचा जर्मन बिल्ला

"आमच्या अडकित्त्यास दीड तास लावला, आता ही बाई जर्मनीचा डबा उघडून बसणार," मागच्या खुर्चीवरचे साईराममामा शेजारणीला म्हणाले. हळूच म्हणाले, म्हणजे वासुकीला नीट ऐकू जाईल इतकं हळू.

तंजावुरातल्या मराठी घरांमधल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं होतं. त्यासाठी राजवाड्यामागच्या हॉलात 'वस्तू ओळख व कालनिर्णय उपसमिती' बसली होती. अर्ज देवनागरीत होता, आणि इथली मराठी माणसं तमिळ शाळांत शिकलेली. तो वाचता येणारे एकटे अध्यक्ष सूर्यनारायणराव, त्यामुळे बाकीचे श्रद्धेने सही करत. रकाना सातवा असा : तंजावूरच्या महाराजांशी संबंध – थेट, लग्नसंबंधाने, अन्य. 'अन्य' ठरलेली वस्तू आल्या ऑटोने परत न्यायची.

वासुकीच्या डब्यात तेवीस बिल्ले होते, तिच्या वडिलांचे, अप्पांचे. अप्पा म्हणजे कल्याणराम. कारखान्याच्या ट्रेनिंगला आठ महिने जर्मनीत राहून आले होते. दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून वासुकी भिंग घेऊन एकेका बिल्ल्याशी बसत होती. एवढं ती आपली आपण शिकली की बिल्ला समोरून मिरवतो आणि पाठीमागून खरं बोलतो. टाचणी कशी जोडलीय, छाप कुठल्या कारखान्याचा, यावरून वय कळतं. तिला हवं होतं एवढंच : काचेखाली एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर अप्पांचं नाव.

बावीस बिल्ले 'अन्य' ठरले. तेविसावा सूर्यनारायणरावांनी उचलून उजेडात धरला. निळ्या मिन्यावर समुद्रघोडा.

"घोडा," ते म्हणाले.

शेपटीला वेटोळं आहे, पाय नाहीत, हे वासुकीने नम्रपणे निदर्शनास आणलं. उपसमितीने विचारांती नोंदवलं की घोडा पाण्यात असल्याने पाय दिसत नाहीत. सबब हे नदी ओलांडणारं घोडदळ. महाराजांना शिकवायला जर्मन पाद्री होता हे सर्वश्रुत, तेव्हा बिल्ला जर्मन असणं हाच दरबाराचा पुरावा, आणि महाराज गादीवर बसले ते १७९८ हेच बिल्ल्याचं साल. पाठीवर १९७९ कोरलंय, असं ती म्हणाली. तो नग क्रमांक ठरला. म्हणजे याआधीचे एक हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर स्वार निघाले. तंजावूरचं सैन्य त्या दुपारी एवढं वाढलं की सगळ्यांसाठी पुन्हा फिल्टर कापी मागवावी लागली.

स्वाराला घराणं हवं. वासुकीचे खापरपणजोबा जागच्या जागी सरदार झाले. साईराममामांना आठवलं की आपण आणि वासुकी एकाच मुळातले. ओरत्तनाडूहून दोन कुटुंबं आली. बिल्ले हरवलेत, पण क्रमांक १९८० आणि १९८१ आमचेच, असं त्यांनी लेखी दिलं.

वासुकी गप्प राहिली. खोटं तर ती बोलत नव्हती, फक्त दुसऱ्याला रकाना सात भरू देत होती. अप्पांचं नाव येईल ना, एवढं तिने दोनदा विचारलं. येईल, असं दोनदा सांगण्यात आलं.

उद्घाटनाला सूर्यनारायणरावांनी चिठ्ठी खणखणीत वाचली : "घोडदळाचे मानचिन्ह. दरबाराकडून सरदारांस. सन १७९८. जतन : वंशज."

वासुकीने नावाचं विचारलं. कल्याणरामांचं नाव 'वंशज' या शब्दात समाविष्ट आहे, असा खुलासा झाला.

पहिल्या रांगेत तिची आई वेंकूबाई बसली होती. तिला कमी ऐकू येई; काय लिहिलंय, असं तिने लेकीला विचारलं. वासुकीने खाली बघत सांगितलं. म्हातारी काठी टेकत उठली, काचेशी गेली, काच उचलली आणि बिल्ला पालथा करून ठेवला.

"सूर्या, कावेरीकाठी जन्मून हे पाण्यास भ्यायचे. जर्मनीत चाळिसाव्या वर्षी, सहा-सहा वर्षांच्या लेकरांच्या रांगेत उभं राहून पोहायला शिकले. पोहून पलीकडे पोचलं की लेकरांना देतात तो हा बिल्ला. परत आल्यावर घरोघर नेऊन दाखवला यांनी. तुझ्या घरी तर दोनदा."

साईराममामा आपल्या अडकित्त्याकडे पाहत होते.

"ठावें होतं तुम्हा सगळ्यांस," वेंकूबाई म्हणाली. "इथं मांडलेल्यात आपल्यातल्या कोणी स्वतः मिळवलेलं असं तेवढं एकच आहे. बाकी सगळं महाराजांचं."