मागच्या दारची बाई

एनिड टकवेलला तिच्या मागच्या दाराच्या पायरीनं दोनदा पाडलं होतं, आणि तिसऱ्यांदा पाडलं तर काय होणार हे तिच्या मुलीनं, जिलियननं, आधीच सांगून ठेवलं होतं. शहरात जिलियनच्या घरामागच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेलं एक बुटकं घर रिकामं होत होतं. त्याला पायरी नव्हती. बाग नव्हती, कोंबड्या ठेवायची सोय नव्हती, आणि खिडकीतून समोर मोटारी धुण्याचं दुकान दिसायचं. "आई, आता एकदा जरी पडलीस ना, तर मी काही ऐकून घेणार नाही," असं बजावून ती गेली होती. जिलियन बोलेल ते करून दाखवणारी होती, त्या बाबतीत ती थेट बापावर गेली होती.

पायरी म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढा लांबलचक दगड, मागच्या भिंतीला लागून टाकलेला. पिढ्यान् पिढ्यांच्या बुटांनी त्याला मधोमध खळगा पडला होता. पावसात त्यात पाणी साचायचं, थंडीत त्या पाण्याचा बर्फ व्हायचा, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघालेली एनिड दाण्यांसकट अंगणात पोचायची. पुढच्या दारानं जावं म्हटलं तर ते फुगून गच्च बसलेलं. तिचा नवरा आर्नल्ड गेला तेव्हा चौघांनी खांदे लावून ते उघडलं होतं, त्यानंतर नाही.

आता कुणी म्हणेल, खळगा आहे तर सिमेंटनं भरून टाका, दार फुगलंय तर रंधा मारा. असं म्हणणारा माणूस कोल्ड हार्पलीचा नव्हे. या गावात काय संरक्षित नाही ते विचारावं. चर्च पहिल्या श्रेणीत, एनिडचं घर दुसऱ्या श्रेणीत, तिचं कोठार, ओढ्यावरचा पूल, घोड्यांचं पाण्याचं कुंड, फोन नसलेली टेलिफोनची लाल खोली, आणि वरच्या मळ्यातला दोघांनी शेजारी-शेजारी बसायचा संडास, सगळं सरकारच्या छत्राखाली. गावाचा पत्र्याचा हॉलसुद्धा. तो पहिल्या महायुद्धानंतर तात्पुरता म्हणून उभा केला, पक्का बांधून होईपर्यंत. पक्का काही झाला नाही, आणि तात्पुरत्याला आता खिळा मारायचा तरी अर्ज करावा लागतो.

एनिडनंही अर्ज केला होता, दाराशी धरायला एक कठडा मिळावा म्हणून. जुन्या इमारती बघणाऱ्या मिस लव्हरिज जातीनं आल्या, भिंतीवरून मायेनं हात फिरवला, आणि नाही म्हणाल्या. भिंत सतराव्या शतकातली होती, तिला भोक पाडणं शक्य नव्हतं. "आणि मी पडले तर?" एनिडनं विचारलं होतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण त्यांचा अधिकार फक्त इमारतींवर चालत होता.

तेव्हा वॉल्टर पिनॉक म्हणाला, उलटवू.

वॉल्टर शेजारचा, शाळेत तिच्याच बाकावर बसलेला, आणि चर्चच्या सहा घंटांपैकी पाचवी वाजवणारा. त्याचं म्हणणं असं की पायरी झिजली की जुनी माणसं ती काढून टाकत नसत, पालथी करत. खालची बाजू कोरी करकरीत असते. "दगड तोच, जागा तीच. त्यानं नुसती कूस बदलली तर कुणाचं काय जातंय?" त्यानं मुहूर्तसुद्धा काढला होता. रविवारी सकाळी सारं गाव चर्चमध्ये असतं, बघायला कोण येणार? घंटा चढवायची कप्पी आणि तीन पायांचं तिकाटणं मनोऱ्यात पडूनच होतं. ते त्यानं शनिवारी ढकलगाडीवर घालून, वर गवत टाकून आणून ठेवलं.

रविवारी सगळं अगदी ठरल्याप्रमाणं झालं. वॉल्टरनं तिकाटणं उभं केलं, भिंतीकडच्या कडेखाली पहार घातली, दोर अडकवला आणि ओढला. दगडानं आधी मातीचा एक लांब सुस्कारा सोडला, मग तो सावकाश उठत बाहेरच्या कडेवर उभा राहिला. झिजलेली बाजू वॉल्टरकडे, खालची बाजू घराकडे. दारात उभ्या एनिडच्या पुढ्यात आता कमरेएवढी भिंत आणि तिच्या अलीकडे खड्डा.

"दोर कशाला तरी बांध की," ती म्हणाली.

"कशाला बांधू? फाटकाच्या खांबाला?"

"त्याला नको. तो संरक्षित आहे."

म्हणून वॉल्टर दोर हातानंच धरून उभा राहिला. आणि नेमक्या त्याच वेळी चर्चच्या घंटा सुरू झाल्या. दोघांनीही माना वर केल्या. सहाच्या जागी पाच वाजत होत्या, आणि पाचवीच्या ठिकाणी दर फेरीला दात पडलेल्या तोंडासारखी फट ऐकू येत होती. कुणाला दिसू नये म्हणून काढलेला मुहूर्त, आणि वॉल्टर जागेवर नाही ही बातमी खुद्द चर्चच साऱ्या खोऱ्याला ओरडून सांगत होतं. लग्नाच्या दिवशीही न चुकलेला माणूस तो.

"आटप, एनिड. माती झाड, बाजू सपाट आहे का सांग, उलटवून टाकतो."

एनिडनं किटलीतलं कोमट पाणी ओतलं आणि भांड्यांच्या ब्रशनं चिखल घासायला लागली. चिखलाखाली आधी एक घडी दिसली, कापडाची असते तशी. तिला वाटलं दगडाचाच थर असेल. मग दुसरी घडी, तिसरी, मग गुंडी. तिनं पाणी डोक्याच्या बाजूला ओतलं. चिखल ओघळला, आणि आडव्या, मिटल्या डोळ्यांच्या एका चेहऱ्यानं तिचा हात जागच्या जागी थांबवला.

तरुण बाई होती. कपाळावर पदर घ्यावा तसं वस्त्र, त्याच्या कडेची बारीक शिवण एकेक टाक्यासकट कोरलेली. वरच्या ओठावर छोटासा खळगा, आणि ओठ असे की आत्ता काहीतरी बोलता बोलता डोळा लागलाय. पापण्यांवर मातीचा एक कणही अडकला नव्हता. एनिडनं ब्रश खाली ठेवला. असल्या चेहऱ्यावर भांड्यांचा ब्रश फिरवायची तिला लाज वाटली.

"काय गं?" पलीकडून वॉल्टर म्हणाला. "गप्प का झालीस? किडे आहेत?"

"बाई आहे."

"कोण बाई?"

"झोपलीय."

वॉल्टरच्या हातातला दोर इंचभर सुटला आणि परत आवळला गेला. "एनिड," तो अगदी हळू म्हणाला, "मेलेली आहे का गं?"

"दगडाची आहे रे. पण वॉल्टर, काय सांगू तुला. तू बघायला हवंस."

"बघू कसा? दोर कोण धरणार, तुझा आर्नल्ड?"

तो तिथं घामाघूम होऊन तीच ती झिजकी बाजू बघत होता, जी त्यानं जन्मभर बघितली होती. एनिड आतून एकेक सांगत होती. पायाशी छोटं कुत्रं आहे. डावा हात छातीवर आहे. उजवा बाजूला लांब केलाय, पण त्याची बोटं तुटलीत. हे ऐकून वॉल्टरनं मान चर्चकडं वळवली. गावातल्या कुठल्याही माणसानं अशी तुटकी बोटं एकाच ठिकाणी पाहिलेली असतात.

चर्चमध्ये थडग्यावरचे दगडी सर राउल गेली साडेसहाशे वर्षं एकटे झोपलेत, दोघांच्या चौथऱ्यावर, अर्धी जागा मोकळी ठेवून. त्यांचा एक हात त्या मोकळ्या जागेकडं वळलेला आणि त्या मुठीत चार दगडी बोटं, पुढं काही नाही. बायको पळून गेली, असं गाव सांगतं. कुणी म्हणे मठातल्या साधूबरोबर, कुणी म्हणे घोडेवाल्याबरोबर. नवऱ्या मुली बोहल्याकडं जाताना सर राउलच्या नाकावरून हात फिरवतात, आपला संसार तरी टिकावा म्हणून. त्यात त्यांचं नाक गेलं, मग ओठ गेले, आणि आता चेहरा म्हणजे हात फिरवून गुळगुळीत झालेला वाटोळा दगड.

एवढ्यात फाटक वाजलं. पाद्रीबाई जुडिथनी प्रवचन अर्ध्यावर गुंडाळलं होतं. सहा गावांची सहा चर्चं त्या एकट्या सांभाळत, पण पाचवी घंटा गप्प राहिल्यावर त्या सगळ्यांना घेऊन आधी वॉल्टरकडं गेल्या. वॉल्टरचं घर उघडं, अंथरूण रिकामं. तो गेलाच असं धरून मंडळी ढकलगाडीच्या चाकोरीमागून इकडं आली, काळे कोट, चांगल्या टोप्या, दोघी-तिघी रुमाल डोळ्याला लावूनच. बघतात तर मयत एनिडच्या परसात दोराला लोंबकळतंय.

"वॉल्टर," पाद्रीबाई म्हणाल्या, "आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना केली."

"उपकार झाले. आता जरा दोर धरा."

घंटा वाजवणारे पाचही जण पुढं आले. दोर धरण्यात त्यांचा जन्म गेलेला, दगड केसभरही हलला नाही. वॉल्टर वळसा घालून खड्ड्यात उतरला, वाकला, आणि त्यानं टोपी काढली. मग पाद्रीबाई उतरल्या. मग एकेक करत सगळं गाव त्या चिखलात उतरून गेलं. जो तो वर येताना नजर खाली घालून आला. इतकी वर्षं जिच्या नावानं खिदळलो ती पळून वगैरे कुठं गेली नव्हती, याची सगळ्यांना एकदमच लाज वाटली असावी. एनिड दारातल्या खुर्चीवर बसून होती. आर्नल्ड रोज शेतावरून आला की याच दगडावर बूट खरवडायचा, तेवढं एकच तिच्या मनात घोळत होतं.

दगड तसाच टेकू लावून उभा ठेवला, आणि सोमवारी बातमी ऐकून मिस लव्हरिज आल्या. फाटकापासूनच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. परवानगीशिवाय संरक्षित इमारतीला हात लावणं हा गुन्हा आहे, खटला होऊ शकतो, दगड तडकला असता तर जबाबदार कोण. एनिडची पाचावर धारण बसली. पडल्याबद्दल नाही तरी पकडली गेल्याबद्दल आपली रवानगी मोटारी धुण्याच्या दुकानासमोर होणार, हे तिला स्पष्ट दिसायला लागलं. बोलत बोलत मिस लव्हरिज कोपऱ्यावर वळल्या, आणि वाक्य तिथंच राहिलं. त्या चांगल्या कोटासकट चिखलात बसल्या.

"हा दगड कुणी उचलला?" शेवटी त्यांनी विचारलं, पण आवाज वेगळाच होता.

पाद्रीबाई म्हणाल्या, मी त्या वेळी चर्चमध्ये होते. जमलेले सगळे म्हणाले, आम्हीही चर्चमध्येच. वॉल्टरनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी एनिड बोलली.

"मी उचलायला लावला. मला परत पडायचं नव्हतं. पडले की मला इथून नेणार होते."

"माझ्याकडं परवानगी मागितली असतीत, तर मी नाही म्हटलं असतं," मिस लव्हरिज म्हणाल्या. त्यांनी त्या चेहऱ्याकडं पुन्हा पाहिलं. "घर बांधताना कुणीतरी हिला चर्चमधून आणून पायरीला टाकलं असणार. आणि ही अशीच पालथी पडून राहिली असती."

खटल्याचं नाव त्यानंतर निघालं नाही. पण नियम तो नियम. बाई चर्चमध्ये जाणार, मग इथं नवी पायरी बसायला हवी, तीही जुन्यासारखी हुबेहूब.

"हुबेहूब म्हणजे खळग्यासकट?" वॉल्टरनं विचारलं.

"खळग्यासकट. मापं घेऊन पाथरवट कोरून देईल. आधी अर्ज, मग समिती, मग योग्य खाणीतला दगड मिळाला पाहिजे. तोवर लाकडी उतार करून घ्या, दोन्ही बाजूंना कठडा. भिंतीला टेकवायचा नाही, आपल्या पायावर उभा. तात्पुरता."

"आपल्या हॉलसारखा तात्पुरता?" एनिडनं विचारलं.

मिस लव्हरिजनी कुंपणापलीकडच्या पत्र्याच्या हॉलकडं पाहिलं, चेहरा अगदी गंभीर ठेवला, आणि म्हणाल्या, "तसाच." एनिडचा जीव भांड्यात पडला.

पण जिलियन अजून यायची होती. बाईला जागेवर ठेवायच्या दिवशी ती आली. कसलं काय झालं हे तिला फोनवर निम्मंच कळलं होतं, आणि निम्म्यानंच ती पेटली होती. तिनं वॉल्टरचा उतार पाहिला, कठडा हलवून पाहिला, तो हलला नाही म्हणून आणखी जोरात हलवून पाहिला. "घराचं नक्की करून आलेय, आई," एवढंच म्हणाली.

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच कप्पीनं, त्याच दोरानं बाई वर गेली, सर राउलच्या शेजारी तरंगली, आणि घंटावाल्यांनी तिला बोट-बोट करत खाली सोडलं. तिचा बोटं तुटलेला हात त्या चार बोटांपाशी आला. थोडं पुढं, थोडं खाली. मग दगडाला दगड लागल्याचा एक बारीक आवाज झाला, आणि हातात हात होता. मध्ये रेघ तेवढी उरली. साडेसहाशे वर्षं मूठ मिटून हा माणूस कशाची वाट बघत होता ते समोर दिसत होतं, आणि जिलियनसुद्धा, जी बापाच्या मयताला रडली नव्हती, नाक ओढत उभी होती.

"किती ताजा चेहरा आहे गं तिचा," ती कुजबुजली. "आणि त्याचा बघ, काही राहिलंच नाही."

"त्याला चांगल्या ठिकाणी ठेवलं, जो तो येऊन हात फिरवून गेला," एनिड म्हणाली. "ही मागच्या दारात पडून राहिली. तुझ्या बापानं बूट खरवडले हिच्यावर, तू उड्या मारल्यास. म्हणून टिकली बिचारी."

जिलियननं आईकडं पाहिलं. एनिड त्या दोन हातांकडं बघत होती, वेगळं काही सुचवल्यासारखा तिचा चेहरा मुळीच नव्हता. वर मनोऱ्यात घंटा सुरू झाल्या, सहाच्या सहा.

"पाऊस पडला की त्या उताराच्या फळ्या निसरड्या होतील," ती शेवटी म्हणाली. "वॉल्टरकाकांना सांग, वरून कोंबड्यांची जाळी ठोकून द्यायला."