कंबरेएवढ्या उंचीवरचा दरबार

डॉ. अनंत सबनीस २००६च्या नोव्हेंबरात लंडनच्या पिनर भागातलं घर सोडून बेसिंगस्टोकला, मुलाच्या घराजवळच्या केअर होममध्ये गेले. बरोबर दोन सुटकेस आणि एक चित्र होतं.

मी त्यांचा शेजारी. त्यांच्या सिटिंग रूममध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या राजांची जुनी छापचित्रं होती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. बेनिनच्या राजाची स्वारी, दाहोमेचा दरबार, नगारे, छत्र्या, पालथे पडलेले सरदार. सगळी कंबरेएवढ्या उंचीवर टांगलेली. बघायची तर वाकावं लागे.

“वाका, वाका,” डॉक्टर म्हणत. “दरबारात ताठ कोण उभं राहतं?”

ते निवृत्त भूलतज्ज्ञ. “जन्मभर सर्जनांचा ताठा पाहिला. माझ्या घरी सर्जनसुद्धा वाकतो.”

चित्रांचं कौतुक मात्र बेताचं. “कोरणारा आफ्रिकेत गेलाच नव्हता. ऐकीव माहितीवर काम. म्हणून राजा बघा, गोऱ्या बँक मॅनेजरसारखा दिसतो.”

“जरा वर का लावत नाही?” असं दिवाळीच्या फराळाला आलेले लोक दरवर्षी विचारत.

“दरबार वर गेला की प्रजा माजते,” हे ठरलेलं उत्तर.

घर विकायला काढलं, तेव्हा मुलाने, निखिलने, चित्रं नेहमीच्या उंचीवर लावली. त्या संध्याकाळी डॉक्टर माझ्याकडे हातोडी मागायला आले. मी बरोबर गेलो. ते गुडघे टेकून एकेक चित्र पुन्हा खाली लावू लागले.

“बाबा, उद्या व्ह्यूइंग आहे. बायर्सना नीट दिसायला पाहिजे ना!”

डॉक्टर ठोकत राहिले.

“आई नाहीये आता, बाबा. तिची व्हीलचेअरपण आपण परत दिली.”

“माहीत आहे मला.” त्यांनी बेनिनची स्वारी खिळ्याला अडकवली. “हा छत्रीवाला आहे ना, अख्ख्या मिरवणुकीत हा एकटाच हसतोय. पहिल्यांदा तिला दिसला. मी इतकी वर्षं उभ्यानेच बघत होतो.”

व्ह्यूइंगला आलेले लोक वाकून चित्रं बघून गेले. घर विकलं गेलं. केअर होमच्या खोलीत एकच चित्र मावणार होतं. बाकीची लिलावात गेली.

जानेवारीत मी त्यांना भेटायला गेलो. बेनिनची स्वारी भिंतीवर खालीच होती. समोर खोलीतली एकुलती एक खुर्ची, चित्राकडे तोंड करून ठेवलेली. मी बसायला गेलो.

“तिथे नको,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही इकडे या.”

आम्ही दोघं बेडवर बसलो.